उंबरडोहाच्या अक्का

अक्कांच्या घरी खोली हवी असेल तर आधार कार्ड लागायचं, पण त्याच्याआधी धोंडा लागायचा. दारात, रांगोळीच्या पलीकडे, ट्रॅक्टरभर दगड ओतून ठेवलेले असत. पुण्याहून, सोलापूरहून गाणगापूरला दर्शनाला आलेलं कुटुंब रिक्षातून बॅगा उतरवून उभं राहिलं, की अक्का पायरीवरूनच विचारायच्या, "किती जण हाव? तेवढे धोंडे उचला. नदीला ठिऊन या, तवर मी खोली झाडते."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. देवाच्या गावात आलोय, इथली काही रीत असेल, असं समजून निमूट धोंडे उचलायची. एकदा एका चांगल्या धष्टपुष्ट गृहस्थांनी ढिगातला सगळ्यात लहान, लिंबाएवढा दगड निवडला. अक्का म्हणाल्या, "ह्याच्या आड झिंगा तरी बसंल का हो? दुसरा घ्या. देवानं अंगात ताकद कशाला दिलीय?" गृहस्थांनी दोन्ही हातांनी एक भलामोठा गुंडा उचलला, आणि तो घेऊन ते नदीपर्यंत कसे पोचले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. परत आले तेव्हा मात्र खुशीत होते. खोलीतला पंखा नुसता कुरकुरत होता, त्याबद्दलही त्यांनी चकार शब्द काढला नाही.

मी त्या घरातली कायमची भाडेकरू. माझं माहेर ठाणाकुशनूरचं, आणि नेमणूक झाली ती थेट गाणगापूरच्या हायस्कुलात, विज्ञान शिकवायला. माडीवरची कोपऱ्यातली खोली मला मिळाली. पहिल्या दिवशी मीही धोंडा नेला, आणि चांगली चिडून नेला. आपण बीएस्सी बीएड झालेल्या, आणि ही बाई आपल्याला हमाल समजायलीय! नदीवरून आले तर अक्कांनी ताक पुढं केलं आणि विचारलं, "पाण्यात ठिवलाव का काठावर टाकून आलाव?" मी काठावरच टाकून आले होते. त्यांनी माझ्या कोरड्या पायांकडं बघितलं आणि ताकाचा पेला तसाच धरून ठेवला. मी पुन्हा गेले.

अक्का म्हणजे पुजाऱ्याच्या घरातली थोरली सून. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. शेजारच्या भिंतीपलीकडं धाकटे दीर, त्यांचं कुटुंब, त्यांचे यजमान आणि पूजेच्या पाळ्या. अलीकडं अक्का आणि त्यांच्या चार खोल्या. घरात कांदा चालायचा, लसूण सणवार सोडून चालायचा, अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. एका पाहुण्यानं सहज विचारलं, "इथं जवळपास ऑम्लेट कुठं मिळेल?" तर त्याची बॅग त्याच्याआधी रस्त्यावर आली. अशी ही बाई बाजारात मात्र मासेवाल्यांच्या ओळीत पदर नाकाला लावून शिरायची आणि एकेका टोपलीत वाकून बघायची. "हा कुठं घावला? वरच्या अंगाला का खाली? अंडी व्हती का पोटात?" मासेवाल्या बाया तिला बघितलं की हसून टोपलीवरचं फडकं आपणच बाजूला करायच्या.

माशाला शिवायचं नाही, चाखायचं नाही, शिजताना वास आला तर आंघोळ करायची, आणि रात्रंदिवस विचार करायचा तो माशाचाच. मी एकदा न राहवून म्हटलं, "अक्का, तुम्हाला माशांचं एवढं काय पडलंय? तुम्ही तर खात न्हाई." त्या म्हणाल्या, "खात न्हाई म्हणूनच तर वेळ हाय. खाणाऱ्याचा सगळा जीव शिजवण्यात जातो."

गावाला वळसा घालून अमरजा येते आणि पुढं भीमेला मिळते. ती मिळायच्या अलीकडं एक डोह आहे, त्याला उंबरडोह म्हणतात. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं मरळ होती, वाम होती, शिंगटे होते, आणि मळ्या तर इतक्या की पाण्यात घागर बुडवली तर चार-दोन घागरीत यायच्या. मग डोहातली वाळू गेली. मोठे दगड लोकांच्या घरांच्या पायात गेले. काठावरची करंज आणि वाळुंजाची झाडं गेली, कारण यात्रेच्या गाड्या लावायला जागा हवी होती. नदीत आंघोळ करून जुने कपडे तिथंच सोडून द्यायचे, अशी समजूत घेऊन येणाऱ्या लोकांनी उरलेला तळ साड्या आणि धोतरांनी भरून टाकला. पाणी होतं, मासा नव्हता.

"पाणी म्हंजे नुसता प्लॉट हो, टीचर," अक्का मला सांगायच्या. "घर न्हवं. घराला भिंत लागती, माळा लागतो, सांदीकोपरा लागतो. भांडण झालं तर रुसून बसायला जागा लागती. ह्यांनी प्लॉट सोडला आन् घर उचलून नेलं."

म्हणून ते धोंडे. त्या एका डोहात यात्रेकरूंच्या हातांनी अक्कांनी पुन्हा तळ घातला. मोठे दगड धारेला, बारीक गोटे उथळ कडेला, कारण तिथं मळ्या अंडी घालतात. कुंभारवाड्यातून तडा गेलेले, तोंड फुटलेले माठ आणायच्या आणि ते आडवे करून दगडांच्या बेचक्यात बसवायला लावायच्या. वाम आणि शिंगटे अशा अंधाऱ्या जागी शिरून बसतात. काठावर वाळुंजाच्या फांद्या रोवल्या. यात्रेच्या गाड्या लावणाऱ्यांशी त्या फांद्यांवरून जी भांडणं झाली ती सांगायला बसले तर माझीच बदली होईल. धोंड्यांची गोष्ट गावभर पसरली आणि इतर लॉजवाल्यांचे पाहुणेही आपणहून दगड न्यायला लागले. कुणीतरी एका धोंड्याला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी चार धोंड्यांना कुंकू. अक्का गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नारळाच्या शेंडीनं ते घासत होत्या आणि म्हणत होत्या, "अरे, मासा बसणार हाय खाली, देव न्हाई. त्याच्या डोळ्यात जाईल की हे."

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे माधुकरी. गाणगापुरात दुपारी भाविक पाच घरं माधुकरी मागतात. भले कारवाले, चष्मेवाले साहेब झोळी पुढं करून दारात उभे राहतात. भिक्षा मागायला आलेल्या माणसाला ऐकून घ्यावंच लागतं, हे अक्कांनी बरोबर हेरलं होतं. हातात भाकरी धरायची, ती झोळीत टाकायची नाही, आणि सुरू व्हायचं: "नदीत साबण लावायचा न्हाई. कपडे सोडायचे न्हाईत. कणकेचे गोळे टाकायचे न्हाईत, पाणी नासतंय. कळलं का? कामून मान खाली घातलाव, वर बघून सांगा." साहेब वर बघून "कळलं" म्हणायचा. मग भाकरी. एका डॉक्टरांनी झोळी तशीच धरून माशांच्या श्वसनाबद्दल शंका विचारली, तर अक्कांनी त्यांना आत घेऊन पाटावर बसवलं आणि पोळी, आमटी, वर तूप असं पोटभर वाढलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. वाम एकादशीला काही खात नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी विज्ञानाची शिक्षिका, मला ते ऐकवायचं नाही. मी म्हणायची, "अक्का, माशाला तिथी कळत न्हाई." त्या शांतपणे विचारायच्या, "तुम्ही बघितलाव का तिला एकादशीला खाताना?" मी बघितलेलं नसायचं. स्तोत्रं म्हणायच्या तीही डोहावर, पण अगदी पुटपुटत, का तर मोठ्यानं म्हटलं की मासे बुजतात आणि देवाला तसंही हळू म्हटलेलं ऐकू येतं. गावातली पोरंठोरं त्यांना मागून 'मीनाक्का' म्हणायची. कानडीत मीनु म्हणजे मासा. त्यांना ते ठाऊक होतं. नाव छान हाय, म्हणायच्या.

डोहाची राखण हा मोठा प्रश्न होता. नावाडी आणि मासेमारी करणारी दहा-पंधरा घरं नदीकाठी होती, त्यांचा पुढारी भीमाशा. उंच, सावळा, बोलायला कमी. अक्का त्याच्याकडं गेल्या आणि म्हणाल्या की डोहात जाळं टाकू नका, डोह भरला की मासा वर-खाली पसरंल, तो तुमचाच हाय. भीमाशानं दोन दिवस घेतले. मग सगळ्यांना घेऊन डोहाकाठच्या उंबराखाली आला. नारळ ठेवला, अक्कांनी आण घातली, त्यांनी घेतली: ह्या डोहात जाळं पडणार नाही, गळ पडणार नाही. ही आण त्या लोकांत फार कडक. घातली ज्यानं, सोडवायची त्यानंच. तीसुद्धा पाण्यात उतरून, आणि पहिलं जाळं त्याच्याच हातचं पडायला हवं. तेव्हा ह्या शेवटच्या भागाकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. एक पुजाऱ्याची सून जाळं कशाला हातात घेईल?

आण पाळली गेली. दोन-तीन वर्षांत मळ्या परत आल्या. अक्का काठावरच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडायच्या, की मळ्यांचा घोळका येऊन घोट्याला, बोटांना लुचायचा. त्या गुदगुल्यांनी ही साठीची बाई खुदुखुदु हसायची. एका सकाळी डोहात मरळीचं जोडपं दिसलं, तेव्हा त्यांनी गावात साखर वाटली. कशाबद्दल म्हणून कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आमच्याकडं राहायला आलेत."

आता मांगुराचं सांगते.

कुणातरी ज्योतिषानं सांगितलेलं असतं की राहूची पीडा आहे, संगमात जिवंत मासे सोडा, पुण्य लागेल. माणसं मग जिवंत मासा शोधतात. बाजारात स्वस्तात मिळतो तो बाहेरदेशातून आणलेला मांगूर. काळपट, चपट्या डोक्याचा, लांब मिशांचा. तो वर येऊन हवा गिळतो, म्हणून पिशवीतल्या घोटभर पाण्यात दिवसभर टिकतो. प्रवासाला सोयीचा. आणि नदीत सोडला की समोर दिसेल ते खातो, दुसऱ्याची अंडी, पिल्लं, सगळं.

लातूरकडच्या एका कुटुंबानं असे चार मांगूर पिशवीतून आणले होते. अक्कांनी दारातच पिशवी उजेडाकडं धरली.

"हे माझ्या नदीत जाणार न्हाईत."

"अहो पण संकल्प केलाय," त्या घरची सासू काकुळतीला आली. "पोराची नोकरी अडलीय."

"संकल्प मोडत न्हाई मी. परसात हौद हाय, तिथं सोडा. नदीचंच पाणी भरलंय. मी संकल्प सांगते, तुम्ही म्हणा."

आणि खरोखर त्यांनी त्या कुटुंबाला हौदाकाठी पूर्वेला तोंड करून बसवलं, पळीभर पाणी सोडायला लावलं, आणि मांगूर हौदात गेले. सासूबाई समाधानानं जेवल्या. असे करत करत त्या हौदात किती मांगूर जमले कोण जाणे. खाऊन-पिऊन हातहातभर झाले होते. अक्का त्यांना शिळी भाकरी, भाताची खरड घालायच्या आणि शिव्याही द्यायच्या. "खा, राक्षसांनो. तुमचा काय दोष, तुम्हाला आणलंय दुसऱ्यानं."

भीमाशा एकदा हौदात डोकावून म्हणाला, "अक्का, हे मला द्या की. आमच्यात खातेत."

"जीव हाय भीमाशा. माझ्या दारातून मारायला देऊ का?"

"बेडा म्हणत असाल तर बेडा, नको तर नको," तो म्हणाला. "पण हे ठिवायचं जनावर न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि भीमा फुगली. अमरजेचं पाणी मागं तुंबलं आणि खालच्या गल्लीत घुसलं. आम्ही सगळे माडीवर. परसातला हौद पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर बघितलं तर हौदात गाळ आणि एक फुटकी बादली. अक्का म्हणाल्या, "सुटले बिचारे." ते डोहात शिरले असतील, असं माझ्या मनात आलं. मी बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "भीमेला गेले असतील टीचर, केवढी नदी ती. त्यात कुठं घावतील?"

ते भीमेला गेले नव्हते. शिवरात्र होऊन गेली, अमरजा आटत आटत तुकड्यातुकड्यांत आली, उंबरडोह एकटा पडला. एका सकाळी मी अक्कांबरोबर गेले होते. त्या नेहमीच्या दगडावर बसल्या, पाय पाण्यात सोडले. बराच वेळ बसल्या. बोटं हलवून बघितली, पाय जरा पुढं केले. एकही मळी आली नाही. मग डोहाच्या मधोमध पाणी फुटलं, एक चपटं काळं डोकं वर आलं, हवेचा घोट घेतला आणि खाली गेलं. मग दुसरं. मग तिसरं.

"माझेच हैत," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "माझ्या भाकरीवर वाढल्यालेत."

भीमाशाला बोलावलं. त्यानं काठानं एक फेरी मारली आणि सरळ सांगितलं. आत्ता डोह चारी बाजूंनी तुटलेला आहे, आत्ता ओढलं तर सगळे निघतील. पाऊस पडून धार जुळली की हे वर आलंदपर्यंत जातील आणि खाली भीमेत जातील, मग कुणाच्या बापाला निघायचे नाहीत.

"मंग ओढा," अक्का म्हणाल्या.

भीमाशा उंबराकडं बघत उभा राहिला. "आण हाय, अक्का."

तेव्हा कुठं त्या आणेचा शेवटचा भाग आम्हाला आठवला.

बातमी भिंतीपलीकडं पोचायला वेळ लागला नाही. दीर आले. मनानं वाईट माणूस नव्हे. पण चाकोरीतला, उपरणं खांद्यावरून घसरलं तरी अस्वस्थ होणारा. त्यांची पूजेची पाळी दोन-चार दिवसांवर आली होती. वर्षातून एकदा येणारी पाळी, त्या दिवसांसाठी त्यांचे यजमान गावोगावहून येत, आणि भावजी महिनाभर आधीपासून सोवळं धुऊन ठेवत.

"वैनी, मी काय ऐकायलोय? तुम्ही डोहात जाळं टाकणार म्हणं?"

"व्हय."

"पुजाऱ्याच्या घरची बाई मासे मारायली म्हटल्यावर आपल्या दारात कोण पाय ठिवंल? देवाला काय तोंड दाखवायचं? भीमाशाला सांगा की, तो बघून घेईल."

"त्याला आण हाय. माझी हाय."

"मंग ऱ्हाऊ द्या. नदी हाय, तिचं ती बघंल."

अक्का चुलीपुढून उठल्या. "भावजी, मी जीव मारायचा न्हाई म्हणून त्यांना पोसलं. त्यांनी माझा डोह खाल्ला. आता मी गप बसले तरी मरणं चालूच हाय, फकस्त ते तुम्हाला दिसत न्हाई. मला दिसायलंय."

भावजींचा चेहरा लाल झाला. "जाळं टाकलाव तर तुमचं-आमचं जाणंयेणं संपलं. आम्हाला वैनी न्हाई, तुम्हाला दीर न्हाई." ते दारापर्यंत गेले, थांबले, आणि उगीचच कडी नीट लावून गेले.

भावजी म्हणजे अक्कांचं एकुलतं एक सासर. दिवाळीची ओवाळणी त्या घरातली, आजारपणात डबा त्या घरातला, आणि उद्या डोळे मिटले तर अग्नी द्यायचा तोही त्याच घरानं. हे मला कळत होतं, आणि अक्कांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याशीही वाकडा शब्द बोलून घेतला. आमटीत मीठ जास्त झालं ते माझ्यामुळं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आमटी त्यांनीच केली होती.

सकाळी अख्खी नदीकाठची वस्ती डोहावर होती. गावातलेही बरेच आले होते. काही हळहळायला, काही मजा बघायला. अक्का नऊवारीचा काष्टा घट्ट करून आल्या. भीमाशानं खांद्यावरचं फेकायचं जाळं त्यांच्या हातात दिलं. ते ओलं आणि जड होतं, शिशाच्या मण्यांनी खाली ओढत होतं. त्यांनी ते छातीशी धरलं. त्या कमरेएवढ्या पाण्यात गेल्या, उंबराकडं तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मोठ्यानं, अगदी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आण मी घातली व्हती. मीच सोडवायले. ह्यात जो जीव जाईल तो माझ्या नावावर."

आणि जाळं टाकलं. काय टाकलं म्हणता! ते पसरलंच नाही, घडी घातल्यासारखं समोर धपकन पडलं आणि अक्का त्याच्या मागोमाग तोंडावर पडल्या. कुणीतरी हसलं. भीमाशानं त्यांना दंडाला धरून उभं केलं. केसांतून पाणी गळत असलेल्या अक्का त्या हसणाऱ्याकडं बघून म्हणाल्या, "हसा, पण उतरा. नुसत्या हसण्यानं मासा निघत न्हाई." आणि तो खरंच उतरला. त्याच्यामागून बाकीचे.

दिवसभर डोह ओढला. मांगूर निघत राहिले, काळे, लठ्ठ, काठावर आणून टाकले तरी पोटावर सरपटत पाण्याकडं निघायचे. अक्का एकदाही काठावर आल्या नाहीत. जाळ्यात दुसरा काही जीव आला की तो त्या स्वतःच्या ओंजळीत घेऊन परत सोडायच्या. आयुष्यात पहिल्यांदा माशाला हात लावत होत्या. दुपारनंतर भीमाशानं दगडांच्या बेचक्यातला एक माठ उचलला. अरुंद तोंडाचा. तो तिरका केला तर आतून बोटाएवढ्या वामी निघाल्या, चार-पाच, एकमेकींत गुंतलेल्या. दुसऱ्या माठात शिंगट्याची पिल्लं. मांगुराचं डोकं त्या तोंडातून आत गेलं नव्हतं. अक्कांनी माठ पुन्हा जिथल्या तिथं ठेवायला लावले आणि तिथंच पाण्यात उभ्या राहून रडल्या. मीही रडले. भीमाशा दुसरीकडं बघत जाळं पिळत होता.

"ह्यांचं काय करू?" त्यानं काठावरच्या ढिगाकडं बोट दाखवलं.

"खावा. अन्न हाय. माझी ना न्हाई. फकस्त एक पण जिता पाण्यात जाऊ देऊ नका."

नदीकाठच्या वस्तीत त्या दिवशी घरोघर कालवण झालं. त्याचा वास आमच्या माडीपर्यंत आला. अक्कांनी खिडकी लावली नाही.

मरळ पुन्हा दिसली ती पुढच्या वर्षी. ते मी बदली होऊन बीदरला यायच्या आधी डोळ्यांनी बघितलं: लालसर पिल्लांचा एक घोळका पाण्याच्या तोंडाशी फिरत होता आणि बरोबर खाली, हातभर अंतरावर, आई-बाप त्याच्याबरोबर सरकत होते. आज डोहाकाठची वाळुंजं डोक्याच्या वर गेलीत आणि उंबराखाली आण पुन्हा घातली गेलीय. अक्का सत्तरीच्या पुढं आहेत आणि धोंड्यांचा ट्रॅक्टर अजून सांगतात. पण मला त्या डोहाचं नाव काढलं की आठवतो तो जाळ्यानंतरचा दिवस.

त्या दिवशी सकाळी मी खाली आले तर देवघराचं दार लावलेलं. चूल थंड. अक्का ओसरीवर चटई टाकून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ जायला लागले तर हात वर केला. "शिवू नका, टीचर. सुतक धरलंय. देवापुढं दिवा तेवढा तुम्ही लावा."

"कुणाचं सुतक?"

"ज्यांना मारलं त्यांचं. दुसरं कोण धरणार हाय त्यांचं?"

मला हसावं का रडावं कळेना. दुपारी माधुकरीवाले आले. पुण्याच्या एक बाई झोळी घेऊन पायरीशी थांबल्या, तर अक्कांनी लांबूनच सांगितलं, "आज न्हाई बाई, सुतक हाय, पुढच्या घरी जावा." बाईंनी हळहळून विचारलं, "अरेरे, कोण गेलं?" अक्का म्हणाल्या, "घरातलेच व्हते. परसात वाढल्याले." बाईंनी हात जोडले आणि गेल्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा भावजी आले. काल सगळ्या गावासमोर काय झालं ते त्यांना समजलंच होतं. संबंध तोडायला आलेला माणूस दारात उभा राहतो तसे उभे होते, हातात सोवळ्याची घडी. दुसऱ्या दिवसापासून पाळी लागायची होती. त्यांनी बंद देवघर बघितलं, थंड चूल बघितली, वैनींचे मोकळे केस बघितले.

"हे काय मांडलाव, वैनी?"

"सुतक."

"माशाचं सुतक शास्त्रात न्हाई."

"शास्त्रात हा मांगूर तरी कुठं हाय, भावजी?"

भावजींनी सोवळ्याची घडी ह्या हातातून त्या हातात घेतली. मी जिन्यात उभी होते, मला आता मोठं भांडण होणार असं वाटत होतं.

"किती दिवसांचं धरलाव?"

"तीन. जास्तीचं मला झेपणार न्हाई. पण हे तरी धरते. मारलंय मी. मारलं न्हाई असं नाटक करून देवापुढं न्हाई बसायची."

भिंतीपलीकडं भावजींच्या घरात पाळीची गडबड चालू होती, तांब्या-पितळेची भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी सोवळ्याची घडी खुंटीला अडकवली, चपला पायरीखाली सोडल्या, आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसले.

"टीचर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "जरा आमच्या घरी निरोप सांगता का? म्हणावं, भाऊबंदात सुतक आलंय. पाळी दुसऱ्या पुजाऱ्याच्या घरी जाऊ द्या."